शार्लटमधली साठ गाणी

१७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहराच्या साउथ ट्रायॉन रस्त्यावर सदर्न रेडिओ कॉर्पोरेशनच्या इमारतीत दोन भावांनी दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. थोरला चार्ली मन्रो बत्तीस वर्षांचा, धाकटा बिल चोवीस वर्षांचा. एकाच्या हाती गिटार, दुसऱ्याच्या हाती मँडोलिन. याखेरीज साथीला कोणी नाही. संध्याकाळी एका शाळेत त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता, त्यामुळे जे काय गायचे ते वेळेत उरकून निघायचे होते. पुढच्या दोन वर्षांत असे आणखी पाच दिवस आले. प्रत्येक दिवशी दहाच गाणी, आणि सारे शार्लटमध्येच. शेवटचा दिवस २८ जानेवारी १९३८. त्यानंतर लवकरच भाऊ वेगळे झाले आणि ‘मन्रो ब्रदर्स’ या नावाची कारकीर्द सहा दिवस आणि साठ गाणी एवढ्यावर थांबली. बिल मन्रोच्या नावाशी पुढे ‘ब्लूग्रास’ ही संगीतशैली कायमची जोडली गेली, म्हणून या साठ गाण्यांकडे साधारणपणे दोन नजरांनी पाहिले जाते. एका नजरेला ती डोंगरातल्या जुन्या, निर्मळ लोकसंगीताचा अखेरचा ठेवा वाटतात. दुसरीला ती ब्लूग्रासची कच्ची तालीम वाटतात. मला या दोन्ही नजरा अपुऱ्या वाटतात. ही गाणी कारखाने, रेडिओवरच्या जाहिराती आणि स्वस्त तबकड्या यांच्या अमेरिकेत जन्मली, त्यांच्यातले नवेपण त्या धंद्याच्या रेट्याखालीच घडले, आणि तसे समजून ऐकली तरच त्यांचे खरे मोल कळते.

आधी डोंगराचे पाहू. मन्रो कुटुंबाचे गाव रोझीन हे केंटकी राज्याच्या पश्चिम भागात, ओहायो काउंटीत आहे. अपलाचियन पर्वतरांगा तिथून खूप पूर्वेला राहतात. ज्या हिरव्या कुरणांच्या प्रदेशाला केंटकीत ‘ब्लूग्रास’ म्हणतात तो लेक्सिंग्टनच्या आसपासचा. रोझीन त्यातही येत नाही. हा मुलूख शेती, लाकूडतोड, रेल्वे आणि कोळशाच्या खाणींचा. कोळसा आणि रेल्वे जिथे पोचतात तिथे बाहेरची माणसे आणि बाहेरची गाणीही पोचतात. बिलच्या घडणीत तीन गोष्टी ठळक आहेत. पहिली म्हणजे मामा पेंडल्टन व्हँडिव्हर यांचे फिडलवादन. गावोगावच्या नाचांना हा मामा वाजवायला जाई आणि पोरगा गिटार घेऊन साथीला बसे. दुसरी म्हणजे चर्चमध्ये भरणारे गायनवर्ग. तिथे सुरांची ओळख निरनिराळ्या आकारांच्या खुणांवरून करून देत. पण बिलची नजर लहानपणापासून अधू असल्याने तो कागदापेक्षा कानावरच शिकला. तिसरी म्हणजे आर्नोल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय गिटारवादक आणि फिडलवादक. त्याच्या बोटांतून ब्लूज ऐकत आणि त्याच्याबरोबर नाचांना वाजवत बिल वाढला. म्हणजे ज्या वारशाला नंतर गोऱ्या डोंगराळ माणसांचा निर्भेळ वारसा म्हटले गेले, तो मुळात चर्च, नाचाचा मांडव आणि कृष्णवर्णीय वादकाची ओसरी अशा तीन ठिकाणांहून आला होता. जोडीने पहिल्याच दिवशी गायलेले ‘नाइन पाउंड हॅमर’ हे गाणे घ्या. त्याची नाळ रेल्वेमार्ग खोदणाऱ्या, घण मारणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या श्रमगीतांशी जुळलेली आहे, आणि मन्रो बंधूंच्या आधी १९२७ मध्येच ते तबकडीवर आलेही होते.

बिल दहा वर्षांचा असताना आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. थोरले भाऊ बर्च आणि चार्ली पोटासाठी उत्तरेला गेले होते. १९२९ मध्ये बिलही इंडियाना राज्यातल्या व्हाइटिंगला, सिंक्लेअर कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात दाखल झाला. तेलाची रिकामी पिंपे धुण्याचे, रचण्याचे काम त्याने पुढची काही वर्षे, महामंदीच्या ऐन काळात केले. शिकागो जवळच होते, आणि तिथल्या डब्ल्यूएलएस केंद्रावरून ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कार्यक्रम दर शनिवारी देशभर ऐकू जाई. मन्रो भाऊ त्या कार्यक्रमात शिरले ते गायक म्हणून नव्हे. चौकोनी रांगांच्या नाचाच्या चमूत नाचे म्हणून. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. गावाकडचा नाच आता शहरातल्या रंगमंचावर, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे आणि मायक्रोफोनसमोर होत होता. गाव सोडून कारखान्यात आलेल्या हजारोंना गावाची आठवण विकत मिळत होती, आणि ती विकणारेही त्याच हजारोंपैकी होते. ज्याने कधी गाव सोडले नाही त्याला अशी आठवण विकत घ्यायची गरज पडत नाही. मन्रो बंधूंच्या गाण्यांत मागे राहिलेले घर, म्हातारे आईबाप आणि परतीची वाट हे विषय पुन्हा पुन्हा येतात, त्यांचा उगम मी रोझीनइतकाच व्हाइटिंगच्या पिंपांपाशी शोधेन.

१९३४ मध्ये गाणे हा त्यांचा पूर्णवेळ धंदा झाला, तो टेक्सास क्रिस्टल्स या जुलाबाच्या मिठाच्या कंपनीमुळे. खनिज पाणी आटवून काढलेले हे क्षार पाण्यात विरघळवून प्यायचे, पोट साफ होते, अशी जाहिरात. बर्च कारखान्यातच राहिला. चार्ली आणि बिल आयोवातल्या शेनँडोआह, मग नेब्रास्कातल्या ओमाहा, आणि १९३५ मध्ये कॅरोलायनात आले. तिथे याच मालाची मोठी प्रतिस्पर्धी कंपनी क्रेझी वॉटर क्रिस्टल्स हिने त्यांना आपल्याकडे घेतले. टेक्सासातल्या मिनरल वेल्स गावची ही कंपनी दक्षिणेतल्या गाणाऱ्यांची त्या दशकातली एक मोठी पोशिंदी होती. तिच्याच नावाने शार्लटच्या डब्ल्यूबीटी या पन्नास हजार वॉटच्या केंद्रावरून दर शनिवारी गाण्यांचा जलसा होई. दिवसाची रीत अशी की रेडिओवर पंधरा-वीस मिनिटे गायचे, निवेदक बायरन पार्करने आज कुठल्या गावी कार्यक्रम आहे ते सांगायचे, मग मोटारीत वाद्ये टाकून ते गाव गाठायचे आणि शाळेच्या दालनात काही सेंटांच्या तिकिटावर गायचे. एका केंद्राच्या टप्प्यातली गावे गाऊन संपली की दुसऱ्या केंद्राकडे मुक्काम हलवायचा. कोलंबिया, शार्लट, ग्रीनव्हिल, रॅली हे मुक्काम असे पडत गेले. श्रोते कोण, तर बहुतेक शेतकरी आणि कापडगिरण्यांचे कामगार. शार्लटभोवतीचा सारा पट्टा गिरण्यांचा होता. १९३६च्या त्याच फेब्रुवारीत शार्लटमध्येच ध्वनिमुद्रण करून गेलेले डिक्सन ब्रदर्स तर स्वतः गिरणी कामगारच होते.

रेडिओवरच्या या लोकप्रियतेमुळेच आरसीए व्हिक्टर कंपनीचा एली ओबरस्टाइन त्यांच्या मागे लागला. भाऊ फारसे उत्सुक नव्हते, कारण रोजचे कार्यक्रम व्यवस्थित चालले होते. ओबरस्टाइनने तार पाठवून, नकार ऐकणार नाही असे बजावून त्यांना बोलावले. कंपनीची ‘ब्लूबर्ड’ ही स्वस्त तबकड्यांची शाखा मंदीतच निघाली होती. व्हिक्टरची तबकडी पाऊण डॉलरला, तर ब्लूबर्डची पस्तीस सेंटांना. हीच गाणी माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीच्या नावानेही निघत, म्हणजे दुकान नसलेल्या खेड्यातही पोचत. इतक्या कमी किमतीत भागायचे तर ध्वनिमुद्रण भराभर आणि बेताच्या खर्चात व्हायला हवे. यंत्रे मोटारीने किंवा रेल्वेने दक्षिणेत न्यायची, एखाद्या गोदामात किंवा हॉटेलात तात्पुरती मांडायची, आणि आठवड्याभरात त्या भागातले सारे गायक एकापाठोपाठ उरकायचे. मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. व्हिक्टरच्या तबकडीवरचा भोंग्यासमोर बसलेला कुत्रा आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’वर होता, आणि आपल्याकडेही तिची ‘ट्विन’ नावाची स्वस्त शाखा होती. त्याच दशकात जी. एन. जोशींसारख्यांच्या आवाजात भावगीत हा प्रकार घडत होता, आणि तबकडीच्या एका बाजूला मावणाऱ्या तीनेक मिनिटांनी त्याला मुखडा-कडव्यांचा बांधीव आकार देण्यात मोठा वाटा उचलला. तबकडीवर जे गेले ते आधीपासून तसेच्या तसे अस्तित्वात होते, हा समज तिकडे जितका चुकीचा तितकाच इकडेही.

आता गाण्यांकडे येऊ. गिटार-मँडोलिन घेऊन गाणाऱ्या जोड्या मन्रोंच्या आधीही होत्या. मॅक आणि बॉब ही अंध गायकांची जोडी १९२०च्या दशकापासून हीच दोन वाद्ये घेऊन गात होती. कार्ल आणि हार्टी हे केंटकीचेच गायक डब्ल्यूएलएसवर तेच करत होते. पण त्यांची लय संथ, मँडोलिनचे काम दोन ओळींमधली जागा गोड कंपनाने भरण्याचे. मन्रोंची पहिलीच तबकडी लावली की फरक कळतो. गाणे सुरू होते ते धावतच. चार्लीची गिटार नुसती ताल धरत नाही. खालच्या तारांवर ती एका सुरावरून दुसऱ्यावर चालत जाते आणि गाण्याला पुढे ढकलते. त्यावर बिलची मँडोलिन फिडलची कामगिरी करते: नाचातल्या द्रुत गती, एकेक सूर स्पष्ट, मध्येच ब्लूजचा वाकवलेला स्वर. आणि गायन. दोन आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीवर गाण्याची ही पद्धत आपल्या संगीतात नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. चार्ली मूळ चाल गातो, मोकळ्या, भरड, आपुलकीच्या आवाजात. बिल तेच शब्द त्याच क्षणी गातो, पण त्याची चाल वरून जाते, आणि तिला मूळ चालीशी सतत जुळते अंतर राखावे लागते. बिलचा वरचा आवाज गोड म्हणता येणार नाही. तो ताणलेला, धारदार आहे. खालचा आवाज जमिनीवर उभा आणि वरचा तुटायला आलेल्या तारेसारखा, अशी ही रचना आहे. ‘व्हॉट वुड यू गिव्ह इन एक्स्चेंज फॉर युवर सोल’ हे पहिल्या दिवशीचे भक्तिगीत सर्वांत जास्त गाजले, इतके की त्याचे पुढचे भागही नंतर ध्वनिमुद्रित करावे लागले. त्यात या ताणाची ताकद पुरेपूर दिसते: आत्म्याचा सौदा विचारणारा प्रश्न दोन भाऊ शांतपणे नाही, निकडीने विचारतात.

ही निकड धंद्याने आणली असे मी म्हणतो ते कशावरून? चढा सूर आणि मँडोलिनचा तार नाद त्या काळच्या रेडिओच्या खरखरीतून आणि तबकडीच्या घासण्यातून आरपार ऐकू येतो. मंद्र, मृदू आवाज त्यात बुडतो. शिवाय एकाच केंद्रावर, एकाच प्रायोजकाकडे, जवळपास तीच गाणी गाणाऱ्या जोड्यांची गर्दी होती. मन्रोंनी ज्या दिवशी पहिली दहा गाणी गायली, त्याच सुमारास डेल्मोर ब्रदर्स आणि फिडलवादक आर्थर स्मिथ त्याच जागी ध्वनिमुद्रणाला आले होते. अशा गर्दीत पहिल्या चार ठेक्यांत ओळख पटली पाहिजे, नाहीतर ऐकणारा केंद्र बदलतो. यावर एक आक्षेप सरळ उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. रेट्याने असे गाणे घडते तर त्याच रेट्याखालच्या बाकीच्यांचे तसे का घडले नाही? नॉर्थ कॅरोलायनाच्या हिकरी गावचे बिल आणि अर्ल बोलिक हे भाऊ १६ जून १९३६ रोजी शार्लटमध्ये, त्याच ओबरस्टाइनपुढे, तशीच मँडोलिन आणि गिटार घेऊन पहिल्यांदा गायले. मन्रो बंधूंचा दुसरा दिवस पाचच दिवसांनी, २१ जूनला आला. कंपनी तीच, शहर आणि आठवडाही तोच, बाजारभावही तोच. आणि बोलिक बंधूंचे, म्हणजे ‘ब्लू स्काय बॉइज’चे गाणे विलक्षण हळुवार, कानाशी कुजबुजल्यासारखे, दोन आवाजांच्या कडा एकमेकांत विरघळलेल्या. मायक्रोफोनचा त्यांनी अगदी उलटा फायदा घेतला: ओरडायची गरज नाही, हळू गायले तरी घरोघर पोचते.

हा आक्षेप मला माझे म्हणणे थोडे बदलायला लावतो आणि मग ते पक्के करतो. बाजाराने शैली ठरवली नाही. वेगळे व्हा, एवढी सक्ती मात्र केली. ‘ब्रदर्स’ नावाच्या इतक्या जोड्या असताना बोलिक भावांना निराळे नावदेखील याच सक्तीने मिळाले. वेगळे व्हायचे कोणत्या दिशेने, हे ज्याने त्याने आपल्या गाठोड्यात पाहून ठरवले. बोलिकांच्या गाठोड्यात घरातली शांत भक्तिगीते होती. मन्रोंच्या गाठोड्यात मामाच्या फिडलच्या गती, शुल्ट्झचे ब्लूज आणि शिकागोच्या रंगमंचावरचा नाच होता. त्यामुळे रोझीनचा वारसा मी नाकारत नाही. पण तो वारसा रोझीनमध्ये या रूपात कधीच वाजला नव्हता. मामाच्या फिडलची गती मँडोलिनवर चढवून, तिला दोन आवाजांच्या भक्तिगीताशी जोडून, तीन मिनिटांत बसवण्याचे कारण नाचाच्या मांडवात कधी आलेच नसते. मामा पेंडल्टन १९३२ मध्ये वारले, त्याआधी एक वर्ष शुल्ट्झ. दोघांचाही हात तबकडीवर उतरला नाही. त्यांचे जे काही आज कानी पडते ते बिलच्या बोटांतून गाळून, पस्तीस सेंटांच्या मालात आलेले.

दुसरा आक्षेप असा की हे सारे बिलच्या प्रतिभेचे श्रेय आहे, बाकी परिस्थिती निमित्तमात्र. पुढचा इतिहास बिलने गाजवला, म्हणून हा समज रूढ झाला, आणि त्यात चार्लीवर अन्याय होतो. जोडीचा पुढारी चार्ली होता. मूळ चाल त्याची, श्रोत्यांशी बोलणे त्याचे, गिटारची चाल त्याची. लहानपणी थोरल्यांनी फिडल आणि गिटार घेतल्यावर बिलच्या वाट्याला उरलेली मँडोलिन आली, आणि तीही आठांपैकी चारच तारा लावून वाजवायला सांगितली, म्हणजे आवाज फार होणार नाही, अशी कथा सांगितली जाते. कथा जशीच्या तशी खरी असो वा नसो, शार्लटच्या तबकड्यांत बिल जणू त्या चार तारांचे उट्टे काढतो. पण हे त्याला जमते कारण चार्ली खालून घट्ट धरून आहे. चार्लीच्या गिटारचा ठसा पुढेही दिसतो. वेगळे झाल्यावर त्याने सप्टेंबर १९३८ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिल इथे, झीक मॉरिसला मँडोलिनवर घेऊन ब्लूबर्डसाठीच पुन्हा ध्वनिमुद्रण केले. त्याच्या ‘केंटकी पार्टनर्स’ या संचात १९४३ मध्ये लेस्टर फ्लॅट हा तरुण मँडोलिन वाजवत, वरचा आवाज गात होता. हाच फ्लॅट नंतर बिलच्या संचात गिटारवर आला आणि सप्टेंबर १९४६ मध्ये, अर्ल स्क्रग्जच्या बँजोसह, ब्लूग्रासची मुख्य गाणी त्याच्याच गिटारवर उभी राहिली. चार्लीच्या गिटारची तालीम तो आधी घेऊन आला होता, हे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

तरी ही साठ गाणी म्हणजे ब्लूग्रासच, असे कोणी म्हणाले तर ते मान्य करता येत नाही. बँजो नाही, फिडल नाही, उभे बास नाही. आळीपाळीने एकेका वादकाने पुढे येऊन वाजवायची पद्धत नाही. त्या शैलीला ‘ब्लूग्रास’ हे नावच मुळी १९५०च्या दशकात रुळले. १९६०च्या दशकात आरसीएने आपल्या कॅम्डेन या शाखेतून यांतली काही गाणी मोठ्या तबकडीवर पुन्हा आणली तेव्हा तिचे नाव ‘अर्ली ब्लू ग्रास म्युझिक’ ठेवले. खपासाठी ते बरोबरच होते. पण त्या नावाने दोन वर्षांचे पुरे काम दुसऱ्या कशाच्या तरी उंबरठ्यावर नेऊन ठेवले. एक मात्र त्या तबकड्यांनी निर्विवाद केले. शाळांमधले कार्यक्रम आणि सकाळची रेडिओगाणी हवेत विरली. तबकड्या घरात राहिल्या. व्हर्जिनियाच्या डोंगरात वाढणारे कार्टर आणि राल्फ स्टॅनली हे भाऊ मन्रोंची गाणी ऐकत मोठे झाले आणि पुढे त्यांनी स्वतःचा संच काढला. ज्या डोंगरातून हे संगीत आले असे मानतात, त्या डोंगरात ते पुष्कळसे सपाटीवरून, रेडिओ आणि टपालाच्या वाटेने चढले.

१९३८च्या सुरुवातीला, रॅलीत असताना, भाऊ वेगळे झाले. बिलने नवा संच जमवून त्याला आपल्या राज्यावरून ‘ब्लू ग्रास बॉइज’ नाव दिले आणि ऑक्टोबर १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ-कार्यक्रमात तो रुजू झाला. ७ ऑक्टोबर १९४० रोजी अटलांटात, पुन्हा ब्लूबर्डसाठीच, त्याने स्वतःच्या नावाने पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केले. त्यात ‘म्यूल स्किनर ब्लूज’ होते. शार्लटच्या साठ गाण्यांत बिल वरचा आवाज आणि मँडोलिन होता. या गाण्यात त्याने मँडोलिन बाजूला ठेवली, मुख्य आवाज एकट्याने गायला आणि गिटार स्वतः वाजवली.